मानपत्रातलं गणित

देगलूरच्या बसस्टँडसमोर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. मजकूर निवडताना तो संगणकाच्या पडद्यावर लाकडी फूटपट्टी धरायचा आणि श्वास रोखायचा.

आमच्या शाळेतल्या हिंदीच्या बाई निवृत्त होत होत्या. माझे वडीलही हिंदीचेच शिक्षक. त्यांच्या निवृत्तीचं मानपत्र याच्याच संगणकात होतं. त्यातला मधला परिच्छेद मला बाईंसाठी हवा होता, तशाच ठळक अक्षरांत, तशाच मांडणीत. त्यानं तो उचलून नव्या कागदावर जसाच्या तसा ठेवला.

मी पहिल्यांदाच नीट वाचलं : ‘मुलांना गणिताची गोडी लावली.’

“हे गणित कुठून आलं?”

“पयलं मानपत्र गणिताच्या सरांचं होतं. तवापासून तेच उचलून राहिलो. कोणी वाचतच न्हाई, सर.”

निवृत्तीनंतर वडील अचानक गणिताची पुस्तकं घेऊन का बसले, गल्लीतल्या मुलांना रोज गणित का शिकवायला लागले, ते आम्हाला कधीच कळलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, “लोकांना काहीतरी दिसलं असेल माझ्यात.”

“काढू का ही ओळ?” त्यानं फूटपट्टी ओळीखाली धरली.

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.