समीरचं आतडं आणि जपानी पुड्या

डॉक्टर माणसाने पोह्यांच्या आमंत्रणाला जाऊ नये. इकडे परदेशात, ल्यूकनला आम्ही चार मराठी घरं जमलो की प्लेटच्या आधी कुणाचा तरी रिपोर्ट हातात येतो. अशाने किस्से साठत जातात, आणि माझ्याकडचे निम्मे समीरच्या आतड्याचे आहेत.

समीर नागपूरचा, शेजारच्या लिक्सलिपला कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात इंजिनीअर. मोठ्या आतड्याला सूज, रक्त जायचं. मी रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली, होतो त्याच हॉस्पिटलात तो दाखवायचा. आमचे कन्सल्टंट म्हणाले होते, "गोळ्यांनी आटोक्यात आलं नाही, तर आतडं काढावं लागेल." समीर तिशीचाही नव्हता. तो फार घाबरला होता, आणि खरं सांगायचं तर मीही.

*

त्याच्या टीममधल्या हारुको या जपानी बाईंना हाच आजार होता. त्यांच्या तिकडच्या डॉक्टरने त्यांना कांपो दिलं होतं, म्हणजे जपानचा परंपरागत काढा, पूड करून पुड्यांत भरलेला. गरम पाण्यात ढवळायचा, जेवणाआधी प्यायचा. समीरने त्यांच्याकरवी तोच मागवला आणि विचारलं, "पथ्य काय?"

बाईंनी बराच विचार केला. "जेवायला उशीर करू नकोस."

फोनकार्ड खरवडून त्याने हे आईला कळवलं. "पथ्य नाही ते औषध कायचं?" म्हणून तिने फोन ठेवला.

*

पुड्या समीरच्या घरी प्रेसमध्ये असायच्या. स्वयंपाकघरातल्या कपाटाला आम्ही इथे येऊन प्रेस म्हणायला लागलो. एका रविवारी आमच्या चार घरांतल्या महेशने त्यातली एक चहाचा मसाला समजून पातेल्यात टाकली. सगळ्यांनी मुकाट्याने चहा प्यायला. निघताना माझ्या बायकोने मसाला कुठल्या दुकानातला ते विचारून घेतलं.

*

मग समीरची आई, आमच्या काकू, स्वतःच आल्या. पूड जिभेला लावून म्हणाल्या, "यात तर ज्येष्ठमध आहे ना! आपलंच आहे की हे." आणि जोडीला नागपूरहून आणलेलं ज्येष्ठमधही दुधातून सुरू केलं.

थोड्याच आठवड्यांत समीरचे पाय सुजले, रक्तातलं पोटॅशियम घसरलं. कन्सल्टंटनी विचारलं, "आणखी कुठलं औषध घेतोस?"

"नाही."

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "पुड्या?"

"अरे, तो काढा आहे."

"आणि ज्येष्ठमध?"

"ते तर आई देते."

ज्येष्ठमधाचा अतिरेक झाला की नेमकं हेच होतं. माझं डोकं फिरलं होतं, त्याला तसाच परत आत नेलं. दोन्ही बंद झालं. कन्सल्टंट रागावले नाहीत, त्यांनी प्रश्न तेवढा बदलला. पुढच्याच म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, "आई काय देते?"

"पोट बिघडलं की गॅस गेलेलं लेमनेड, डॉक्टर. ती वारली, आता बहीण देते."

*

पुढच्या तपासणीत आतडं बरंच निवळलेलं दिसलं. कशाने, ते अजून ठरलेलं नाही. हारुकोबाई कांपोचं नाव घेतात, कन्सल्टंट गोळ्यांचं.

"ही इज ग्रँड," कन्सल्टंट खोकत खोकत काकूंना म्हणाले. ठणठणीत आहे, आतडं काढायचं नाही, हे मी मराठीत सांगितलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग पर्समधून ज्येष्ठमधाची एक पुडी काढून कन्सल्टंटच्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे वळल्या.

"त्यांना सांग बाप्पा, निर्धास्त घ्या म्हणावं. औषध नाही आहे हे."