मढला पोचवायचं पाकीट

सुट्टी मिळाली तेव्हा आमच्या सेफ्टीवाल्या साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक खाकी पाकीट हातात दिलं. "तुम उधर के ही हो ना? दत्तू का अंगूठा लेके आना." मी हो म्हणालो. बाहेर येऊन पाकीट बॅगेत टाकलं. बॅग कंपनीचीच, वर पिवळ्या अक्षरांत 'सुरक्षा सर्वप्रथम' असं छापलेलं. अपघात न होता इतके इतके दिवस गेले म्हणून सगळ्यांना वाटली होती. दत्तूची बोटं गेल्यावर आठ दिवसांनी वाटली, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी का चिडलोय ते विचारायला नको.

मी नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीचा. सातवीत शाळा सुटली, एका जागी बूड टिकत नाही, म्हणून गुजरात-राजस्थानच्या सीमेकडे तेलाची विहीर खणणाऱ्या रिगवर तीन वर्षं आहे. दत्तू मढचा, जुन्नरच्या पश्चिमेचा, डोंगरातला. एकाच माणसाने आम्हा दोघांना तिकडे लावलं. दत्तूचं काम खाली यार्डात: पाईप घासणे, कठड्यांना रंग मारणे. त्या दिवशी वरच्या मजल्यावरचा साखळीवाला तापाने पडला होता. वरून आवाज आला, "ए रंगवाला, ऊपर आ." दत्तू गेला.

साखळीचं काम सांगतो. खालचा पाईप पकडून ठेवलेला असतो, वरचा लटकत येतो. वरच्याला साखळीचे वेढे मारायचे, मशीन ती साखळी ओढतं आणि पाईप गरगर फिरून खालच्यात आटे बसतात. वेढे पडले की हात काढायचा. अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे, शिकायला महिने लागतात. दत्तूला कुणी अर्धा तास दिला नाही. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं साखळी आणि पाईप यांच्यामध्ये गेली. अॅम्ब्युलन्स उभी होती, ड्रायव्हर नव्हता. पाण्याचे जार आणणाऱ्या पिकअपमधून त्याला नेला. मी मागे जारांच्या मधे बसलो होतो. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या बोर्डावर 'अपघाताविना दिवस' नेहमीसारखा एकाने वाढला. बोर्डासाठी अपघात झालाच नाही, आणि कागदासाठी झाला तो दत्तूच्या चुकीनं.

अहमदाबादहून गाडीत बसलो आणि सकाळी सुरतच्या पुढे पाकीट उघडलं. उघडू नको असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि चिकटवलेलंही धड नव्हतं. आत दोन कागद. पहिल्यावर हिंदीत लिहिलेलं की मी स्वतःच्या निष्काळजीपणाने जखमी झालो, कंपनीचा दोष नाही, माझी काही मागणी नाही. खाली चौकोन: डाव्या अंगठ्याचा ठसा. दुसरा कागद झेरॉक्स. साखळी हाताळण्याचं प्रशिक्षण दिलं, त्याची हजेरी. त्यात दत्तूच्या नावापुढे एक अंगठा, आणि त्या अंगठ्यावर आडवी पांढरी रेघ.

ती रेघ माझी आहे. लहानपणी गवत कापताना विळा लागला होता.

आमच्याकडे पद्धत अशी. सकाळी कामाआधी मीटिंग, साहेब घाईघाईत काहीतरी वाचणार, मग कागद आणि शाईचं पॅड फिरणार. कुणी डिझेल भरायला गेलेला, कुणी संडासला. त्याच्या नावापुढे जो मोकळा असेल तो अंगठा देणार. कागद भरला नाही तर साहेब सगळ्यांना उन्हात उभं करतो, म्हणून आम्हाला ती एकमेकांना मदत वाटायची. मला सही येते, तरी दुसऱ्यांचे अंगठे मीच जास्त दिले. दिला की डिझेलच्या फडक्याने पुसायचा आणि कामाला लागायचं. कशावर दिला ते एकदाही वाचलं नाही.

कल्याणला उतरून नगरकडे जाणारी माळशेज घाटातली एसटी धरली. तुम्हाला यायचं असेल तर हीच धरा, डावीकडची खिडकी घ्या. मुरबाडला वडापाव बरा मिळतो. हिवाळ्यात घाटात धबधबे नसतात, पिवळं गवत आणि उघडे कडे असतात, आणि खरं सांगू का, मला घाट असाच आवडतो, अंगावर काही न घेतलेला. वर आलं की गार वारं लागतं. बाजूच्या सीटवरचे बाबा म्हणाले, "पावणं, धरणावर तांबडी पाखरं आल्यात. फोटोवाले येत्यात लांबून." मी म्हणालो, बघतो. मग कंडक्टर ओरडला, "मढ! मढवाले चला!"

मी उठलो नाही.

दोन बाया उतरल्या, एक कोंबडीची डालगी उतरली, टण टण करून बस निघाली. बॅग मी मांडीवर घट्ट धरली होती. ओतूर गेलं, आळेफाटा आला. फाट्यावर गॅरेजं, ट्रक आणि हॉटेलांची गर्दी. एका हॉटेलात मासवडी खाल्ली. बाहेरच्यांसाठी सांगतो, यात मासा नसतो, बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वर झणझणीत रस्सा. नाकातून पाणी आलं तर लाजू नका. माझ्या आलं, मी रश्श्यावर ढकललं. तिथून जीपमध्ये चौदाव्या माणसाच्या मांडीवर बसून नारायणगाव, आणि चालत घर. आई म्हणाली, "दत्तूकडं जाऊन आलास का?" म्हणालो, जाईन.

दुसऱ्या दिवशी मढच्या उलट दिशेला गेलो. मंचरला. आंबेगाव तालुक्यातली मोठी बाजारपेठ, कांद्याच्या ट्रॅक्टरांनी हायवे अडलेला. तिथं आबाशेठचं पंपाच्या सामानाचं दुकान आहे. रिगवर पोरं पाठवणारे हेच. मला वाटलं होतं, ते वडीलधारे आहेत, काहीतरी मार्ग काढतील. म्हणजे माझ्यासाठी मार्ग, दत्तूसाठी नव्हे. लपवत नाही.

"या पावणं! काय म्हणतंय वाळवंट? उंट झालास का न्हाई अजून?"

मी कागद पुढे ठेवला. "आबा, हा अंगठा माझा हाय. दत्तूला कसलंबी शिकवलं नव्हतं."

त्यांनी कागद पाह्यला, दुकानातल्या गिऱ्हाईकाकडे पाह्यलं, मला मागच्या गोडाऊनमध्ये नेलं. "बाळू, तोंडातनं काढलंस ते काढलंस, परत काढू नको. खोटा अंगठा कुणी दिला? तू. आत कोण जाईल? साहेब जाईल व्हय?"

"मग दत्तूचं काय?"

"दत्तूचं नशीब. आरं, शेतात काय बोटं तुटत न्हाईत का माणसांची? कडबाकुट्टीत किती गेली आपल्याकडं!" मग खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "तुझंच बोलणं चाललंय. वरच्या मजल्यावर घेत्यात तुला. पगार वाढंल, यार्डातली घासाघीस बंद."

"वर कशावर?"

"साखळीवर. तो तापाचा गडी परत आलाच न्हाई, जागा रिकामी हाय न्हवं."

टेबलाच्या खणातून त्यांनी एक कागद काढला. तोच. तसाच छापील, साखळी हाताळण्याचं प्रशिक्षण दिलं म्हणून. नावाच्या जागी माझं नाव टाईप केलेलं. "हितंच सही कर, म्हंजे तिकडं टाईम जायला नको."

मी साखळीला कधी हात लावलेला नाही, आणि मंचरच्या गोडाऊनमध्ये रबरी पायपांच्या भेंडोळ्यांत माझं प्रशिक्षण पूर्ण झालं होतं! एका सहीचं काम बाकी होतं. डोकं असं तापलं की काय सांगू. ही माणसं अपघात झाल्यावर कागद करत नाहीत. अपघाताच्या आधीच करून ठेवतात. माझी बोटं अजून जागेवर होती आणि ती गेल्यावर चूक कुणाची, ते ह्यांच्या खणात तयार होतं.

"पेन चालत न्हाई का?" आबाशेठ म्हणाले.

"वाचून सांगतो," मी म्हणालो आणि कागद घडी करून खिशात घातला. ते "अरे, अरे" करत दारापर्यंत आले. गिऱ्हाईकासमोर ओरडता येईना.

तिसऱ्या दिवशी नारायणगावला मिसळ खाऊन जुन्नर, जुन्नरहून मढची एसटी. गणेशखिंडीतून रस्ता जातो, खड्डे भरपूर, पाठीचं दुखणं असलं तर पुढं बसा. तिकीट मात्र फार नाही. मढला उतरून वस्तीपर्यंत वीस मिनिटांची चढण आहे. भाताची खाचरं कापून मोकळी पडली होती. दत्तू अंगणात बसून उजव्या हाताने आणि पायाच्या बोटांनी दोरी वळत होता. डावा हात फडक्यात.

"बाळ्या! लेका, यष्टीतनं पुढं गेलास म्हनं परवा. कोंबडीवाल्या मावशीनं बघितलं तुला."

त्याची बायको हौसा बाहेर आली. मी तिला वैनी म्हणतो. "बसा भावजी. मावशी म्हनली, झोपला व्हता जनू. मी म्हनलं, झोपंचं सोंग आसंल." हसून म्हणाली, पण म्हणाली. नाचणीची भाकर, खुरासणीची काळी चटणी आणि वालाचं कालवण वाढलं. दत्तू एका हाताने भाकर मोडत होता, मोडताना ताट सरकत होतं. हौसाने ताटाच्या कडेला पायाचं बोट लावलं. जेवण झाल्यावर मी बॅगेतून पाकीट काढलं.

दत्तूला वाचता येत नाही. हौसाला येतं, चौथीपर्यंतचं. तिने कागद उजेडाला धरला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. हिंदी होतं, टीव्हीमुळं कळत होतं तिला. एकेक शब्द, मोठ्याने. 'निष्काळजीपणा'च्या शब्दावर थांबली, परत वाचला. खाली पोचली.

"डावा अंगठा मागत्यात."

तिने कागद खाली ठेवला.

"त्यो तर तिकडंच ऱ्हायला की तुमच्या रिगीवर," ती म्हणाली. "तिथंच उमटवून घ्यायचा व्हता."

दत्तू फिसकन हसला. मला हसू आलं नाही. दुसरा कागद तिने उचलला तेव्हा मीच म्हणालो, "वैनी, त्यावरचा अंगठा माझा हाय." आणि डावा हात पुढे करून विळ्याची खूण दाखवली. मीटिंग, पॅड, डिझेलचं फडकं, सगळं सांगितलं. दत्तूचं हसू गेलं.

"तू दिलास?"

"त्या सकाळी तू रंगाचं डबं आणायला गेला व्हतास. मला वाटलं, तुझं नाव राह्यला नको."

"माझं नाव न्हाई राह्यलं," दत्तू म्हणाला. तो उठून गोठ्याकडे गेला. बराच वेळ आला नाही. बैलाशी काहीतरी बोलत होता.

हौसा कागद घडी करत होती. "भावजी, लोकांचे अंगठे लई दिले तुमी. आता सोताचा द्या. काय झालं ते लिवा. तुमची नोकरी जाईल, मला कळतंय. माझ्या घरातली गेली हाय, मला सांगू नगा कशी जाती ती."

मी खिशातून माझा कागद काढला, मंचरचा. तिने तोही वाचला, पूर्ण. मग माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. "हितं आलाच नसता तर हे बी दिलं आसतं न्हवं तुमी?"

वहीचं पान घेतलं आणि लिहिलं. माझं शुद्धलेखन देवाघरचं आहे, पण झालेलं सगळं लिहिलं. साखळीवाला आजारी, वरून हाक, अॅम्ब्युलन्सला ड्रायव्हर नाही, मीटिंगचे अंगठे कोण देतं, माझा कुठला. तोवर दत्तू परत आला होता. मध्येच म्हणाला, "पिकअपमदी तू माझं डोकं मांडीवर धरलं व्हतंस, ते बी लिव." मी लिहिलं.

शाई कुठं मिळणार? रेशनच्या दुकानात. तिघे खाली गेलो. दुकानदार म्हणाला, "साखर न्हाई आली." दत्तू म्हणाला, "साखर नगं, पॅड दे." दत्तूने उजवा अंगठा दिला. त्याच्या शेजारी मी सही केली आणि डावा अंगठा दिला, रेघ दिसेल असा दाबून. साक्षीदार म्हणून हौसा. तिने सही करण्याआधी पान हातात घेतलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, "अगं, तुझ्यासमोरच लिवलंय." ती म्हणाली, "आसू दे." आम्ही उभे राहिलो. तीन वर्षांत सही करण्याआधी कागद वाचणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

एक प्रत कामगार ऑफिसला, एक खाणींची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याला. तेलाच्या विहिरी त्यांच्याकडे येतात, हे मला नारायणगावच्या सायबर कॅफेत कळलं, म्हणजे तीन वर्षं त्या विहिरीवर काम केल्यावर. दोन्हींना त्या तिन्ही छापील कागदांच्या झेरॉक्स जोडून रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. अजून उत्तर नाही. आबाशेठला कुणी सांगितलं कोण जाणे, त्यांचा फोन मात्र त्याच दिवशी आला, 'परत जायचं कष्ट घेऊ नको' म्हणून. पुढं काय ते बघू. हे मी त्याच कॅफेत बसून टाईप करतोय, बाजूचं पोरगं गेम खेळतंय आणि टेबल हलवतंय.

तुम्ही मढला जरूर जा. पाखरं बघा, मासवडी खा. आणि तुमच्यापैकी कुणी रिगवर, पाईपलाईनवर, कुठंही कामाला निघाला असाल तर सकाळी पॅड फिरेल तेव्हा आधी कागद मागा. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. उन्हात उभं करतील, उभे राहा. मित्राच्या नावापुढे मात्र बोट ठेवू नका.

बॅग हौसाकडेच राहिली. तिने वरची पिवळी अक्षरं दगडाने घासून काढली आणि त्यात हिरडे भरले.

घरी आलो तेव्हा आईने अंगठा बघितला. "कसली शाई रं? कुठं मतदान व्हतं का?"

"न्हाई."

"मंग रॉकेल लावून पुस की."

म्हटलं, राहू दे.