अप्पाला ऐकलीस का?

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला इंग्रजीची एक कादंबरी होती. ज्या देशात माणसाचं घर, काम, लग्न सगळं सरकारच ठरवतं, अशा देशाची. तिच्या पहिल्या तीन प्रकरणांवर सोमवारी कर्नाटकातल्या आळंदच्या कॉलेजात चाचणी होती. ती बुडाली तर हॉल तिकीट मिळणार नाही, असं सरांनी कानडीत दोनदा आणि इंग्रजीत एकदा बजावलं होतं. आणि नेमके त्याच सोमवारी उमरग्याहून पाहुणे मला बघायला यायचे होते. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर होकार देऊन टाकला होता.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसले. शेजारी आई तूर निवडत होती. पुस्तक इंग्रजी, गाईड कानडी आणि समजून घ्यायचं मराठीत, डोक्याचा पार भुगा झाला होता. दुसऱ्या प्रकरणात एक अधिकारी कागद घेऊन नायकाच्या दारात येतो. तुझं काम हे, घर हे, बायको ही. नायक मान डोलावतो आणि वर त्याला प्यायला पाणी देतो. मला इतका राग आला की मी पुस्तक आपटलं. एवढा शिकलेला बाप्या आणि मूग गिळून बसलाय.

"कुणावर चिडायलीस?" आई म्हणाली. मी तिला गोष्ट सांगितली.

"मग त्यानं त्याला ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं की. ऐकतच बसलाय मेला."

"तसं न्हाई गं. ऐकलं न्हाई का, कामून म्हणून?"

आईचं माहेर गुलबर्ग्याकडचं, कानडी बोलणारं. कानडीत ऐकणं आणि विचारणं, दोन्हीला 'केळु' हा एकच शब्द. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मराठी फाडफाड बोलते, पण एवढं एक तिचं सुटलेलं नाही. 'मास्तरला ऐकून ये' म्हणायची आणि आम्ही भावंडं तिची टिंगल करायचो. त्या दुपारी मात्र मला हसू आलं नाही.

"तू अप्पाला ऐकलीस का?" तिनं विचारलं.

"अप्पांचं ऐकलेच की. म्हणून तर गप हाव."

"अप्पाचं न्हाई. अप्पाला. सोमवारच कामून म्हणून."

"तुझ्या लग्नात तू ऐकली होतीस का?" मी तिच्याच मराठीत, खवचटपणे.

"मला कोण ऐकलं?" तिचे हात तुरीतच होते. कुणी विचारलं नव्हतं की कुणी ऐकून घेतलं नव्हतं, ते तिनं सांगितलं नाही. मला माझ्या खवचटपणाची लाज वाटली.

अप्पा बाहेर कट्ट्यावर मोबाईल बघत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अप्पा, सोमवारच कामून?"

"ते म्हणले, मी व्हय म्हणलो. काय झालं?"

"माझी चाचणी हाय. बुडाली तर वर्ष जातंय."

"मग आधी बोलली न्हाईस ते?"

चार दिवस मी घरभर आदळआपट केली होती, सांगितलं मात्र काहीच नव्हतं.

त्यांनी तिथंच फोन लावला. बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय" चाललं होतं. फोन ठेवून म्हणाले, "दिवस बदलायला जमत न्हाई म्हणतेत. पोरगीच दिवस ठरवणार असंल तर दुसरीकडं बघतो म्हणले."

मला मनापासून आनंद झाला. तो दिसू नये म्हणून मी खाली बघत राहिले. अप्पांचं तोंड उतरलं होतं. स्थळ चांगलं होतं, त्यांना फार पसंत होतं. आता बोलणी बसणार, असं धरून मी उभीच राहिले. त्यांनी मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाले, "चाचणी कशाची हाय?"

तीन वर्षं मी कॉलेजला जात होते. काय शिकते, हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. मी कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्या प्रकरणापासून सांगायला लागले.