कापलेल्या वायरीचा भोंगा

भूतबाधा, करणी असल्या गोष्टींची मी कायम टिंगल करत आलो. या ग्रुपवर लोकांनी लिहिलेले अनुभव वाचूनसुद्धा हसायचो. आता तुम्ही माझ्यावर हसा, हरकत नाही... पण आधी ऐकून घ्या.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या बाहेर सोयाबीनच्या एका गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवतो. गाडी रिव्हर्स घेतली की मागं भोंगा वाजतो. आमचे हमाल दुपारी जेवून रिकाम्या बारदानावर आडवे होतात. भोंग्यानं त्यांची झोपमोड व्हायची आणि शिव्या मला बसायच्या. म्हणून एक दिवस मी वायर कापली, टोकांना टेप गुंडाळली. कुणाला बोललो नाही.

आठवड्याभरात ते घडलं. ट्रक भरायच्या धक्क्यावर मी रिव्हर्स घेत होतो आणि मुकादम भानुदासतात्या मागं पाठमोरे उभे होते. चाक त्यांच्या पायावरून गेलं. धाराशिवला नेलं, पण गुडघ्याखाली पाय काढावा लागला. "भोंगा आपोआप बंद पडला," असं मी सगळ्यांना सांगितलं. नंतर वायर जोडली असती, तर खोटं उघडं पडलं असतं. लातूरहून मेकॅनिक यायचा होता, तोवर मी गाडी तशीच चालवत राहिलो. लिहितानाही लाज वाटते.

तात्यांच्या जागी त्यांचा थोरला, सोपान, कामावर आला. दोन लेकरांचा बाप. महिन्याभरानं, दुपारी तीनच्या लख्ख उन्हात, त्याच धक्क्यावर मी रिव्हर्स टाकला — आणि भोंगा वाजला.

ब्रेक कसा दाबला, आठवत नाही. वळून बघतो तर चाकापासून वीतभर अंतरावर सोपान खाली बसून फाटकं पोतं शिवत होता.

"भोंगा कवा दुरुस्त केला, दत्ताभाऊ?" तो म्हणाला. म्हणजे त्यालाही ऐकू आला होता.

मी गाडी बंद केली, मागचं झाकण उघडलं. वायरीची दोन्ही टोकं टेपसकट लोंबत होती, मध्ये चार बोटांचं अंतर. किल्ली माझ्या हातात... आणि माझ्या डोळ्यांदेखत भोंगा आणखी एकदा वाजला. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

संध्याकाळी तात्यांच्या घरी गेलो. वायर कापल्यापासून सगळं सांगून टाकलं.

"पोरगं वाचलं, लई झालं," तात्या म्हणाले. मग गुडघ्यावरून हात फिरवत, "पण दत्ता, मला का न्हाय वाजला रं?"