आरती घेतो तसा वास

गेल्या वर्षीची मी म्हणजे अगदीच बावळट. नातीच्या कॉलेजात दर रविवारी हौशी मोठ्या माणसांसाठी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं सुरू झाली आणि मंगळवार पेठेतून मी सगळ्यांच्या आधी हजर. पहिल्याच दिवशी गरम परीक्षानळीवर वाकून, तांबड्या रश्श्याचा घ्यावा तसा, छाती भरून वास घेतला. निघाला अमोनिया! डोळ्यांतून धारा, नाकात आग.

शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीपेक्षा लहान. नमस्काराऐवजी त्या "चष्मा घाला!" म्हणतात. प्रत्येक सूचना दोनदा देतात, दुसऱ्यांदा जास्त मोठ्यानं. त्या दिवशी मात्र ओरडल्या नाहीत. मला खिडकीपाशी बसवलं आणि म्हणाल्या, "आजी, आरती घेताना ज्योतीत तोंड घालता काय? हातानंच घेता न्हवं?"

मला वाटलं, संपलं, आता आपल्या हाती नळी काही येत नाही. आठवडाभर मी फोडणीचा वाससुद्धा हातानं ओढून घेतला. घरचे हसून बेजार.

रविवारी बाईंनी नळीचा चिमटा माझ्याच हातात दिला. नळीचं तोंड भिंतीकडं वळवून मी ती ज्योतीवर हलवत राहिले, मग लांबूनच हातानं वारा नाकाकडं घेतला. अगदी गोठ्याचा वास! उडीच मारणार होते, पण नळी गरम होती.

बाई म्हणाल्या, "आत्ता कसं! आजी, पुढच्या रविवारी नवीन माणसं येणार हाईत. वास कसा घ्यायचा ते तुम्हीच शिकवायचं. आणि पहिल्या दिवशी काय केलंत, ते पण सांगायचं की!"