वेस्ता प्यायलेला नव्हता

यार्डाच्या ऑफिसात खिळ्याला एक ॲल्युमिनियमचा गिलास टांगलेला असायचा. शेजारच्या खिळ्यांना गाड्यांच्या चाव्या. आम्ही डोंगरातले ड्रायव्हर सकाळी आलो की रांगेत उभं राहायचं. दिवाणजी गिलास पुढे करायचा. त्यात तोंड घालून मोठ्यानं 'हा' करायचं. मग दिवाणजी गिलासावर तळहात ठेवायचा, तो नाकाशी न्यायचा आणि मोहाच्या दारूचा वास येतो का ते हुंगायचा.

"मव्हानी पी उना का रे?"

"नाही, दिवाणजी."

"परत कर. जोरमा."

परत करायचो. मग चावी. तीही हातात नाही, टेबलावर फेकलेली.

मैदानातल्या गावांचे ड्रायव्हर आमच्या बाजूनं पुढं जायचे. त्यांतल्या एकाच्या तोंडाचा वास मला चार हातांवरून यायचा. तो "राम राम, दिवाणजी" म्हणायचा आणि स्वतःच्या हातानं खिळ्यावरची चावी काढून घ्यायचा. गिलास त्याच्यासाठी नव्हता. आमच्यासाठी होता. आम्ही सगळे एकाच गिलासात तोंड घालायचो. तो धुतलेला मी कधी पाहिला नाही.

बैलबाजारात बैलाचा जबडा फाकवून दात बघतात. पण बैलाला एकदाच. आम्हाला रोज.

मी आता एकाहत्तर वर्षांचा आहे. आमच्या घरात पावरी बोलतात. ही मराठी मी आश्रमशाळेत शिकलो. पोलीस ठाण्यात माझा जबाब लिहिला गेला तो याच भाषेत. मी त्यात खोटं बोललो होतो. म्हणून हेही याच भाषेत लिहितो.

माझ्या मागे रांगेत वेस्ता असायचा. माझ्या धाकट्या बहिणीचा, गेंदीचा नवरा. मीच त्याला गाडी शिकवली आणि मीच शेठच्या यार्डात आणला. उंच, काटकुळा माणूस. चेष्टेखोर. गिलासात 'हा' करून झालं की मला पावरीत म्हणायचा, "दादा, दिवाणजीला आपल्या पोटातलं सगळं कळतं. काल काय भाजी होती तेही सांगेल." मी हसायचो. हसणं सोपं होतं. रांग सोडणं अवघड होतं. यार्ड सोडलं तर डोंगरात दुसरं काय होतं? ऊसतोडीला टोळीत जायचं, सहा महिने परमुलखात, पालात राहायचं. स्टिअरिंग हातात असलेला माणूस गावात ताठ चालतो. त्या ताठ चालण्यासाठी आम्ही सकाळी वाकायचो.

आमचा रस्ता चांदसैली घाटाचा. तळोद्याकडून खत, सिमेंट, मीठ वर न्यायचं आणि धडगावहून माल खाली आणायचा. उन्हाळ्यात आमचूर. डोंगरात घरोघर कैऱ्या चिरून वाळवतात. त्याची पोती ट्रकवर चढली की आठ-आठ दिवस अंगाला आंबूस वास येतो. घाटात एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकानं मागं जायचं. मागं कोण जाईल हे कुठं लिहिलेलं नाही. पण मैदानातला ड्रायव्हर मागं गेलेला मी पाहिला नाही.

घाट उतरायला लागायच्या आधी, माथ्यावर, सागाच्या झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे. आमचा देव. त्याला आम्ही मोहाच्या दारूची धार देतो. बोटभर. ही धार दिल्याशिवाय आमच्यातला कुणी घाट उतरत नाही. म्हणून आमच्या प्रत्येकाच्या गाडीत टूलबॉक्सच्या मागं चिंधीत गुंडाळलेली एक बाटली असायची. औषधाची लहान बाटली. तिच्यातला थेंब कुणी तोंडाला लावायचा नाही. देवाच्या वाटणीचं पिणाऱ्याला घाट सोडत नाही, असं आमच्यात मानतात. वेस्ता तर हे माझ्यापेक्षा जास्त पाळायचा. धार देताना टोपी काढायचा आणि दगडाला सांगायचा, "मोजून घे, कमी पडलं तर हॉर्न दे."

त्या उन्हाळ्यात वेस्ताची गाडी हवा धरत नव्हती. हवेचा ब्रेक असतो. टाकीत हवा टिकली नाही तर पाय दाबून उपयोग नाही. मिस्त्रीनं दोन दिवस गाडी मागितली होती. वेस्तानं शेठला सांगितलं, तेव्हा मी शेजारी उभा होतो.

"शेठ, गाडी हवा धरत नाही. घाटात न्यायची नाही."

शेठ चहा पीत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, वेस्ताकडे नाही. "मोसम चालू शे आन याले आराम पाहिजे. वर जाईसन सासरवाडीले झोपाना इचार व्हई याना."

ऑफिसातले सगळे हसले. मीही हसलो. हे लिहायला मला तीस वर्षं लागली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेस्तानं गिलासात 'हा' केलं. दिवाणजीनं हुंगलं आणि चावी फेकली. धडगावला आम्ही दोघांनी माल भरला. गेंदीनं बांधून दिलेली भाकरी आणि लसणाची चटणी एकाच फडक्यावर खाल्ली. सकाळपासून तो माझ्या नजरेआड झाला नाही. माथ्यावर दोघांनी गाड्या थांबवल्या. दोघांनी धार दिली. त्या दिवशी तो चेष्टा करत नव्हता.

"दादा, तू मागं राहा. लांब राहा."

तिसऱ्या वळणापासून त्याचा हॉर्न सुरू झाला. तो थांबलाच नाही. त्या दिवशी बाजार होता. खालून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चढत होत्या. हॉर्न ऐकून त्या कड्याला चिकटल्या. त्यांना ओलांडल्यावर वेस्तानं गाडी कड्याला घासून बघितली. दगड उडाले, पुढची काच गेली, गाडी थांबली नाही. पाचव्या वळणावर मला त्याची पोती दिसली. मग पोतीही दिसली नाहीत. हॉर्न मात्र खाली जाईपर्यंत वाजत होता.

प्यायलेला माणूस हॉर्न वाजवून बायकांना बाजूला करत नाही.

मी पहिला खाली उतरलो. झुडपांना धरून. वेस्ता गेला होता. सगळीकडे आमचूर सांडलं होतं, त्यावर डिझेल. केबिनमध्ये ती बाटली, चिंधीत, अख्खी. मी तिला हात लावला नाही. मी वर चढलो. आणि पोलीस यायच्या आधी माझ्या गाडीतली माझी बाटली काढून दरीत फेकली.

हे मी का केलं? भीतीनं केलं. दुसरं उत्तर शोधून पाहिलं. सापडलं नाही.

शेठ संध्याकाळी आला. मला जीपमध्ये बसवलं. पहिल्यांदाच. पुढच्या सीटवर.

"देख भाऊ," तो म्हणाला. मला तोवर त्यानं कधी भाऊ म्हटलं नव्हतं. "तुन्हा मेहुना मरी गया. आते त्याले काय फरक पडस? गाडीना दोष लिखाई गया ते यार्ड बंद पडी. तुम्हना डोंगरना सगळा लोके घर बसतीन. बाटली ते सापडेलच शे. तू फक्त हा म्हन."

ठाण्यात हवालदारानं विचारलं, "बाटली त्याचीच ना? प्यायचा ना तो?"

मी हो म्हणालो.

"त्या दिवशी तुझ्यासमोर प्यायला?"

मी हो म्हणालो.

खरं तर हवालदाराला माझ्या 'हो'ची फार गरज नव्हती. डोंगरातला माणूस, गाडी, बाटली. एवढ्यावर त्याचं सगळं ठरलेलं होतं. माझा 'हो' फक्त त्यावर शिक्का म्हणून पाहिजे होता. आमच्यातल्याच माणसाचा.

तेरावा दिवस उलटला आणि मी यार्डात गेलो. रांगेत उभा राहिलो. दिवाणजीनं गिलास उचलला, तेवढ्यात शेठ आतून म्हणाला, "याले गिलास नको आते. हाऊ आपला मानूस शे."

चावी माझ्या हातात दिली गेली.

मला शेठनं पैसे दिले नाहीत. नवी गाडीही दिली नाही. मला त्यानं गिलासापासून सुटका दिली आणि मी ती घेतली. पुढची बावीस वर्षं मी रांगेच्या बाजूनं पुढं जायचो. रांगेतली आमची पोरं खाली बघायची. मीही "राम राम, दिवाणजी" म्हणायला शिकलो.

वेस्ताच्या मोडक्या ट्रकचा फोटो शेठनं मोठा करून ऑफिसात लावला. गिलासाच्या वर. खाली लिहिलं, 'दारूचा परिणाम'. रोज सकाळी डोंगरातल्या प्रत्येक ड्रायव्हरनं तो फोटो बघत गिलासात तोंड घालायचं.

गेंदीची मुलगी रमिला तेव्हा शाळेत होती. एकदा व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात बाहेरून आलेल्या पाहुण्यानं घाटातल्या अपघाताची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळी पोरं तिच्याकडे बघायला लागली. ती माझ्याकडे आली.

"मामा, बाबा रोज प्यायचे?"

मी म्हणालो, "घाट वाईट आहे, पोरी."

तिनं परत कधी विचारलं नाही. माझ्या घरी येणंही तिनं कमी केलं.

शेठ गेला. मुलगा बघायला लागला. गिलास गेला, मशीन आलं. मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. बोलणं शुद्ध आणि मऊ. "काका, यार्डात ड्रायव्हर लोकांचा कार्यक्रम आहे. तुमचा सत्कार करायचा आहे. इतकी वर्षं घाटात, एकही अपघात नाही. आमच्या पोरांना आदर्श पाहिजे."

मी गेलो. धुतलेला सदरा घालून. खरं सांगतो, शालीची हाव होती.

गेटवर दोन रांगा होत्या. एक चालत होती. दुसरी थांबत-थांबत पुढं सरकत होती. तिच्यात आमची पोरं. पहारेकरी प्रत्येकाच्या तोंडात नळी देत होता. मला बघून तो हसला आणि नळी पुढं केली.

"बाबा, फुका ना एकदाव."

शेठचा मुलगा धावत आला. "अरे, त्यांना नको! ते आपले आहेत."

तेच शब्द. बापाचे. मी रांगेतल्या पोरांकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

स्टेजवर मला मधल्या खुर्चीत बसवलं. मागे मोठा फलक. त्यावर वेस्ताचा ट्रक. तोच फोटो, आता रंग चढवलेला. मुलानं भाषण केलं. म्हणाला, "काका डोंगरातले असूनही त्यांनी कधी दारूला स्पर्श केला नाही." 'असूनही'. टाळ्या पडल्या. मग त्यानं शाल उलगडली.

मी शाल त्याच्या हातातून घेतली, घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. माईक जवळ होता.

म्हणालो, "या फोटोतला माणूस माझा मेहुणा. वेस्ता प्यायलेला नव्हता. गाडी हवा धरत नव्हती. त्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं होतं. ती बाटली देवाची होती. तशीच माझ्याही गाडीत होती, ती मी फेकली. मी ठाण्यात खोटं बोललो."

माईक बंद झाला. मग मी पावरीत बोललो. मोठ्यानं. पुढच्या खुर्च्यांवरच्या लोकांना काही कळलं नाही. मागं उभ्या असलेल्या पोरांना सगळं कळलं. एकानं गळ्यातलं यार्डाचं ओळखपत्र काढून खिशात घातलं. बाकीचे तसेच उभे होते. त्यांना घर आहे. मी त्यांना दोष देत नाही.

तिथून मी सरळ गेंदीकडे गेलो. ती अंगणात मका सोलत होती. रमिलाही होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गेंदीचा हात थांबला नाही. माझं संपल्यावर ती म्हणाली,

"दोघांच्या बाटल्या मीच भरून द्यायची. त्या दिवशी तुझी परत आली नाही. ती कुठं गेली, एवढंच तू कधी सांगशील त्याची वाट बघत होते."

तीस वर्षं तिला माहीत होतं. राखी बांधायला ती दरवर्षी येत होती. मी दार उघडत होतो.

मी म्हणालो, "पंच बसव. दंड भरतो."

"दंड नको. तू ठाण्यात बोललास, ठाण्यात जा. तू घाटात गप्प बसलास, घाटात बोल. माझ्या अंगणात बोलून काय होतंय?"

रमिला उठून आत गेली. जाताना तिनं मला मामा म्हटलं नाही.

माफी तिनं दिली नाही. मी मागितलीही नाही.

ठाण्यात मी दोनदा जाऊन आलो. "जुनं प्रकरण आहे, बाबा, घरी जा," म्हणतात. मी तिसऱ्यांदा जाणार आहे आणि चौथ्यांदाही. मी त्यांना म्हणतो, खोट्या साक्षीबद्दल मला आत टाकायचं असेल तर टाका. पण आधी माझा जबाब बदलून घ्या. शेठच्या मुलाचा वकील मला फोन करतो. मी फोन उचलतो आणि त्यालाही तेच सांगतो.

प्रत्येक बाजाराच्या दिवशी मी माथ्यावरच्या त्या दगडापाशी उभा राहतो. चढणाऱ्या बायकांना सांगतो, उतरणाऱ्या ड्रायव्हरांना गाडी थांबवून सांगतो. काही ऐकतात, काही हॉर्न मारून जातात. शेजारच्या सागाला मी एक पाटी ठोकली आहे. यार्डाच्या माणसांनी ती एकदा काढली. मी परत ठोकली. पुन्हा काढतील. पुन्हा ठोकेन. अक्षरं माझी आहेत, वाकडी आहेत, पण लांबून वाचता येतात.

वेस्ता प्यायलेला नव्हता.