अर्धा ठोका उशीर

लेंडर्ट विसेला मी तीस वर्षं माझ्या चीजच्या दुकानातून पाहत आले. दुकानासमोर चौक, चौकात चर्चचा मनोरा, मनोऱ्यात सत्तेचाळीस घंटा आणि त्या घंटांचा धनी लेंडर्ट. एक वेळ देव चूक पोटात घालेल, लेंडर्ट नाही. माझ्या तराजूचा काटा केसभर हलला तरी त्याला दिसायचा, आणि दिसला की तो रांगेसमोर बोलून दाखवायचा. असा शेजारी म्हणजे डोक्याला ताप. तरी माझा त्याच्यावर जीव आहे, हे आधीच कबूल करून टाकते.

दर ईस्टरआधी तो मनोऱ्यातल्या पितळी पिंपावरचे खिळे काढून पुन्हा बसवायचा. पिंप फिरलं की खिळे तारा ओढतात, तारा घंटा वाजवतात, आणि वर्षभर दर तासाला तेच ते स्तोत्र ऐकू येतं. एकदा बसवलेल्या खिळ्यांना पुढच्या ईस्टरपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. सत्त्याण्णव साली शेवटच्या सुराचा खिळा एक भोक पुढे बसला. स्तोत्र संपता संपता तो सूर अर्धा ठोका अडायचा, मग यायचा. आम्हा गावकऱ्यांना काही कळलं नाही. लेंडर्टला पहिल्याच तासाला कळलं. पण मधेच पिंप थांबवलं असतं, तर सगळं गाव का म्हणून विचारत आलं असतं. तो मूग गिळून बसला.

तेव्हा चौकाच्या पलीकडे, औषधाच्या दुकानावरच्या माळ्यावर, याको डिंगेमान्से संगीत बनवायचा. दुकानदाराचा मुलगा, वय तेवीस. दिवसभर ढुम ढुम ढुम. यंत्रावर बनवलेलं नाचायचं संगीत, त्याला ट्रान्स म्हणतात म्हणे. माझ्या दुकानातल्या बरण्या हलायच्या, एवढं मला ठाऊक. उन्हाळ्यात खिडकी उघडी असायची आणि याकोने ध्वनिमुद्रण सुरू केलं की घंटा हटकून मधे कडमडायच्या. शेवटी वैतागून त्याने ते स्तोत्रच गाण्यात घेतलं, अडण्यासकट. गाण्याच्या मध्यावर ढोल थांबतात, नुसता सूर चढत जातो, अडतो, नाचणारे हात वर करून तसेच उभे राहतात, आणि मग तो शेवटचा सूर पडतो आणि ढोल परत येतात. मी एकदा ऐकायला गेले होते. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

ते गाणं कुठल्या कुठे गेलं. पुढे कित्येकांनी आपल्या गाण्यांत तसंच थांबायला सुरुवात केली. आमच्या गावात तर वाढदिवसाच्या गाण्याला सगळे शेवटची टाळी अजूनही उशिरा वाजवतात. चष्मे लागलेले जुने नाचरे पोलंडहून, नॉर्वेहून मनोरा ऐकायला येतात. पण खिळा तर पुढच्याच ईस्टरला जागेवर गेला होता. पाहुणे माझ्याकडे येऊन कुरकुरायचे, "तुमच्या घंटा घाई करतात हो."

याको सगळीकडे सांगायचा, "ते थांबणं माझं नाही, आमच्या मनोऱ्याचं आहे." आणि लेंडर्ट इथे म्हणायचा, "त्या कार्ट्याला मोजता येत नाही."

गावाने लेंडर्टवर विश्वास ठेवला. याकोचं नाव 'थापाड्या' पडलं. तो मुकाट्याने हसायचा.

यंदा लेंडर्टने शेवटचे खिळे बसवले. वय बहात्तर, पुढच्या वर्षीपासून रॉटरडॅमला लेकीकडे. निघायच्या आधल्या शनिवारी तो दुकानात आला. काही मागेना, नुसता चीजच्या चाकांकडे बघत उभा. मी म्हटलं, "काय, माझा तराजू आज बरा चाललाय का?"

"नेल, गप्प बस जरा. मला धीर गोळा करू दे."

तेवढ्यात जिऱ्याचं चीज घ्यायला याको आला. आता डोक्यावर केस नाहीत, पण ऐट तीच. रांगेत सात माणसं होती. लेंडर्ट त्याच्याकडे वळला.

"याको, सत्त्याण्णवचा तो खिळा मी चुकीच्या भोकात बसवला होता. तू बरोबर मोजलं होतंस. थापाड्या मी."

सगळे माझ्याकडेच बघायला लागले, जणू खिळा मी बसवला होता.

"माहीत आहे, काका," याको म्हणाला. "त्या उन्हाळ्याची टेप आहे माझ्याकडे. तुमच्या घंटा आहेत तिच्यावर."

लेंडर्टचा चेहरा उतरला. "मग लोक तुला नावं ठेवत होते तेव्हा वाजवली का नाहीस?"

"माझ्या खिडकीतून चौक दिसायचा. स्तोत्र संपत आलं की तुम्ही असाल तिथे थांबायचात आणि कानांवर हात ठेवायचात. पहिल्यांदा वाटलं, माझ्या गाण्याला वैतागलात. मग कळलं. वर्षभर दर तासाला ऐकत होतात, काका. आणखी काय ऐकवणार होतो तुम्हाला?"

लेंडर्टला रडू आलं. माझ्यादेखत आयुष्यात पहिल्यांदा. मलाही आलं, आणि मी ते लपवलं नाही. याकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रांगेतल्या एकानेही घाई केली नाही.